दार उघडलं की पायाशी उजेड: ट्रकच्या केबिन लाइटवर जादा दिवे जोडताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या छोट्या ट्रकला एक विचित्र खोड लागली. दार उघडलं की छताचा दिवा लख्ख लागायचा, पण पायाशी नव्याने बसवलेले दोन दिवे ठार काळोखात. दार लावून चावी काढली, की तिन्ही दिवे निखाऱ्यासारखे तांबूस धुगधुगत राहायचे. मार्केट यार्डात गाडी लावून केबिनमध्येच झोपणाऱ्या आमच्या ड्रायव्हरने तीन रात्री हे पाहिलं आणि चौथ्या दिवशी मला म्हणाला, "दादा, एकदा नारळ फोडून घेऊ."

नारळ वाचला. ते दिवे हायवेवरच्या एका दुकानात घाईघाईत बसवून घेतलेले होते आणि चूक एकाच वायरची होती. ती शोधताना आणि नंतर सगळं नव्याने बसवताना जे कळलं, ते इथे लिहितोय. काम एका दुपारचं आहे. त्यातली पाऊण दुपार कोणती वायर काय करते हे तपासण्यात जाऊ द्या. दिवे बसवायला फार वेळ लागत नाही.

आधी व्होल्ट

छोटा हत्ती, पिकअप, ४०७ या १२ व्होल्टच्या गाड्या. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पण दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ च, असं धरून चालू नका. पॅरलल जोडलेल्या असतील तर व्होल्ट १२ च राहतात. मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर) लावून बघा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू केलं की १३.८ ते १४.४. २४ च्या गाडीत हेच आकडे दुप्पट. मीटर २० च्या रेंजवर ठेवून २४ व्होल्ट मोजायला गेलात तर पडद्यावर नुसता १ येतो. मीटर बिघडलेलं नसतं, रेंज पुरत नाही एवढंच. २०० वर घ्या.

दिवे त्याच व्होल्टचे आणा. १२ ची एलईडी पट्टी २४ वर लावली तर ती आयुष्यात एकदाच, पण फार सुंदर चमकते.

दार नेमकं काय जोडतं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

छताच्या दिव्याला बहुतेक गाड्यांत तीन वायरी येतात. एक बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट आलेली, चावी असो-नसो कायम करंट असलेली. तिला मेन म्हणू. दुसरी पत्र्याला गेलेली, म्हणजे अर्थ. तिसरी दाराच्या चौकटीतल्या बटणाकडे जाते, ती दाराची वायर. दिव्यावरच्या तीन टप्प्यांच्या खटक्याचं काम एवढंच, की बल्बचं दुसरं टोक कधी अर्थला लावायचं, कधी दाराच्या वायरला, तर कधी अधांतरी सोडायचं.

दाराचं बटण म्हणजे चौकटीतली रबरी टोपीची पिन. दार लागलं की ती आत दबते आणि संपर्क तुटतो. दार उघडलं की स्प्रिंगने बाहेर येते आणि आपली वायर पत्र्याला टेकवते. म्हणजे इथे दार करंट देत नाही, अर्थ देतं. साध्या रचनेच्या बऱ्याच गाड्या अशाच असतात. काही गाड्यांत मात्र उलटं असतं: बटण मेन जोडतं आणि बल्बचं दुसरं टोक कायम अर्थला. दिवा दोन्हींत सारखाच लागतो, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. नवे दिवे जोडायची पद्धत मात्र दोन्हींत पूर्ण वेगळी.

तपासायला टेस्ट लॅम्प पुरतो. इंडिकेटरचा जुना होल्डर, त्यात कमी वॅटचा बल्ब, एका वायरला मगरचिमटा, दुसरीला टोकदार सळई. घरी दहा मिनिटांत होतो. पण गाडी नवी असेल, एअरबॅगची असेल, तर टेस्ट लॅम्प बाजूला ठेवा आणि फक्त मीटर वापरा. आणि पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हातच लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

दिव्याचं कव्हर पातळ स्क्रू ड्रायव्हरला चिकटपट्टी गुंडाळून काढा. पट्टी दोन कारणांसाठी: प्लास्टिकला ओरखडा पडत नाही, आणि स्क्रू ड्रायव्हर मेनच्या पत्तीला आणि छताच्या पत्र्याला एकाच वेळी टेकला तर फ्यूज जात नाही. मग बल्ब बाहेर काढा. काढाच. दोन्ही दारं लावा. एक माणूस दाराशी उभा करा.

चिमटा स्वच्छ पत्र्याला लावून तिन्ही वायरींना सळई टेकवा. दार लावलेलं असो वा उघडं, जिच्यावर टेस्टर लागलेलाच राहतो ती मेन. दार उघडल्यावरच लागणारी वायर सापडली, तर तुमची गाडी दाराने मेन जोडणारी. अशी कुठलीच सापडली नाही, तर चिमटा आता मेनला लावा आणि उरलेल्या दोन वायरी तपासा. कायम लागतो ती अर्थ. दार उघडल्यावर लागतो आणि लावल्यावर विझतो ती दाराची वायर, आणि तुमची गाडी दाराने अर्थ देणारी. दोन्ही दारं वेगवेगळी उघडून बघा. दुसऱ्या बाजूच्या दाराला बटणच नाही, अशाही गाड्या असतात.

बल्ब काढायचा आग्रह का, तर इथेच मी तासभर गंडलो होतो. बल्ब जागेवर ठेवून, खटका दाराच्या टप्प्यावर ठेवून, मी दाराच्या वायरवर मीटर लावला. दार लावलेलं असताना १२ व्होल्ट, दार उघडल्यावर शून्य. मला वाटलं, बटण उलटं बसवलंय. खरं म्हणजे सगळं बरोबर होतं. दार बंद असताना मेनचा करंट बल्बच्या तारेतून पुढे येऊन दाराच्या वायरच्या टोकाशी थबकलेला असतो, तेच १२ व्होल्ट मीटर दाखवतं. दार उघडलं की ते टोक पत्र्याला टेकतं आणि शून्य होतं.

आता आमच्या भुताचं. दुकानदाराने ५ वॅटचे दोन साधे बल्ब लावले होते. त्यांचं एक टोक दाराच्या वायरला, हे ठीक. दुसरं टोक मात्र त्याने हाताला लागेल त्या चावीवरच्या लाइनला जोडलं होतं. चावी काढली की त्या लाइनला करंट नाही, उलट डॅशबोर्डवरचे मीटर, रिले, बाकी सामानातून ती लाइन अर्थकडेच जाते. म्हणून दार उघडं असताना नव्या बल्बच्या दोन्ही टोकांना अर्थ: ते बंद. दार लावल्यावर मेनचा करंट छताच्या बल्बमधून दाराच्या वायरवर, तिथून नव्या बल्बमधून मेलेल्या लाइनवर आणि तिथून अर्थला. एकामागे एक जोडलेले बल्ब, त्यामुळे सगळे अर्धवट पेटलेले. रात्रभर बॅटरी खात.

यावरून नियम असा, की दिवे थेट दाराच्या वायरला जोडायचे असतील तर नव्या दिव्यांची मेन आणि छताच्या दिव्याची मेन एकाच फ्यूजची हवी. खात्री करायची तर तो फ्यूज उपसा. दोन्हीकडचा करंट जायला हवा.

किती दिवे पेलतील

छताचा बल्ब १० वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर तो साधारण ०.८३ अँपिअर घेतो. मीटरला ६० एलईडींची, ५०५० जातीची पट्टी मीटरमागे १४.४ वॅटच्या आसपास खाते. ती तीन-तीन एलईडींवर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरला कापता येते. मी १५ सेंटिमीटरचे चार तुकडे घेतले: दोन पायाशी, एक सीटमागे, एक क्लीनरच्या बाजूच्या पायरीवर. चारही मिळून साधारण ८.६ वॅट, म्हणजे ०.७२ अँपिअर. छताचा बल्ब धरून दीड अँपिअरच्या वर थोडं. दाराच्या बटणाला आणि मूळ वायरला एवढं झेपतं. याच्या बरंच पुढे जायचं असेल, म्हणजे मागच्या बॉडीतही दिवे हवे असतील, तर मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) घाला आणि बटणावर फक्त रिलेच्या कॉइलचा भार ठेवा. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ही जर्मन डीआयएन ७२५५२ प्रमाणाची भाषा, त्यात ३० म्हणजे बॅटरीची थेट मेन आणि ३१ म्हणजे अर्थ. दाराने अर्थ देणाऱ्या गाडीत ८६ ला केबिन लाइटची मेन, ८५ ला दाराची वायर, ३० ला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजची लाइन, ८७ वरून दिवे.

ट्रकच्या हादऱ्यांना आणि धुळीला पट्टीपेक्षा तीन एलईडींचे सीलबंद मॉड्यूल जास्त टिकतात, हे माझं मत. पायरीवर तर मॉड्यूलच लावा. रंग पिवळसर पांढरा घ्या. निळ्या-जांभळ्याची हौस असते, पण रात्री तीन वाजता त्या उजेडात पावती वाचता येत नाही. लाल तर नकोच. पुढच्या काचेतून लाल उजेड दिसला तर पोलीस थांबवतील आणि त्यात त्यांची चूक नसेल.

खरेदी

दिवे, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), खटका, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) यांसाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पिन बटण, फ्यूज होल्डर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), गाडीची वायर यांसाठी नाना पेठ. घरगुती फिटिंगची एकतारी वायर वापरू नका. हादऱ्याने ती आतून तुटते आणि वरून धड दिसते. बहुतारी, ०.७५ चौरस मिलिमीटरची, दोन रंगांत घ्या. २ अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि त्याचा वायरवर बसणारा होल्डर लागेलच. नाना पेठेतल्या एका काकांनी मला वायर मोजून देता देता विचारलं, "पट्टीने मापलंत का दोऱ्याने?" मी पट्टीने मापलं होतं. ते म्हणाले, "मग अजून दीड मीटर न्या." दीड मीटर लागलीच. वायर कोपऱ्यातून, पॅनेलमागून, वळणं घेत जाते. दोरा खरा रस्ता फिरवून मगच मोजा.

वायर कुठून उचलायची

छताशीच जोड द्यायची काही गरज नाही. छताच्या वायरी पुढच्या काचेशेजारच्या खांबातून खाली उतरतात आणि पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागून फ्यूज बॉक्सकडे जातात. त्या पॅनेलचे दोन-तीन स्क्रू काढले की हवा तो गठ्ठा हाती येतो. छताशी ओळखलेले रंग इथे शोधा, पण रंगावर विश्वास ठेवू नका. आधी कोणी हात घातला असेल तर मधेच रंग बदललेला असतो. पुन्हा टेस्टर लावा, पुन्हा दार उघडा-मिटा. दाराची वायर तर बटणाचा एक स्क्रू काढूनही मिळते, फक्त बटण ओढल्यावर वायर चौकटीच्या आत निसटू देऊ नका. ती परत काढायला मला हँगरची तार लागली होती.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नका. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा दुहेरी फ्यूजचा जोड मिळतो, मेन त्यातून घ्या.

जोडणी

आता बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. फक्त निगेटिव्ह, आणि तीच आधी. पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही.

दाराने अर्थ देणारी गाडी असेल तर: मेनवरून एक फांदी काढा, वीतभर अंतराच्या आत २ अँपिअरचा फ्यूज, तिथून सगळ्या दिव्यांचे प्लस. सगळ्या दिव्यांचे मायनस एकत्र करून दाराच्या वायरला. इथे हात आपोआप मायनस पत्र्याला लावायला जातो, कारण गाडीत मायनस म्हणजे बॉडी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तसं केलंत तर दिवे चोवीस तास चालू.

दाराने मेन देणारी गाडी असेल तर: दाराच्या वायरवरून फांदी, फ्यूज, दिव्यांचे प्लस. मायनस पत्र्याला. इथे अर्थ नीट हवा. रंग खरवडून, रिंग थिंबल लावून, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळा आणि वरून थोडं ग्रीस.

जोड कसा द्यायचा यावर लोक भांडतात. वायर पिळून पट्टी गुंडाळणं हा जोड नाही. उन्हाळ्यात गोंद वितळतो आणि पट्टी आपोआप उलगडते. वायर न सोलता चिमटीत दाबायचे प्लास्टिकचे निळे-लाल क्लिप मिळतात, ते तारा अर्धवट कापतात. मला पसंत नाहीत. मी क्रिंप करतो, म्हणजे धातूची नळी वायरींवर पक्कडीने दाबून बसवतो. सोल्डरही चालतं, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, म्हणून लगेच पुढे तिला टायने आधार द्या. हीट श्रिंकचा तुकडा जोड देण्याआधी वायरीत ओवून ठेवा. दर वेळी एकदा तरी विसरतो आपण. आणि शेजारच्या दोन वायरींचे जोड समोरासमोर ठेवू नका, दोन बोटं मागेपुढे करा.

वायर खोबणीदार प्लास्टिकच्या नळीतून न्या. क्लच-ब्रेकच्या पायांपासून, स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब. पत्र्याच्या भोकातून जायचं असेल तर भोकाच्या काठावर बसणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, हवंच. दाराच्या आत दिवा लावण्याच्या भानगडीत पडू नका. बिजागरीशी वायर रोज वाकते आणि एक दिवस उघडी पडते.

खटका हवाच

हे मला नंतर सुचलं, तुम्ही आधीच करा. छताच्या दिव्याचा खटका बंद केला तरी नवे दिवे बंद होत नाहीत, कारण ते त्या खटक्याच्या अलीकडे, थेट दाराच्या वायरवर आहेत. यार्डात माल उतरवताना दारं तासन् तास उघडी असतात. शनिवारी रात्री दार नीट न लागता सोमवारी सकाळपर्यंत राहिलं तर? छताचा बल्ब धरून दीड अँपिअर गुणिले छत्तीस तास, म्हणजे चोपन्न अँपिअर-तास. छोट्या ट्रकची बॅटरी यात आडवी होते.

शिवाय उलट गरजही असते. दार बंद ठेवून फक्त पायाशी उजेड हवा असतो. आमची गाडी दाराने अर्थ देणारी. तिच्यात त्यासाठी मी आधी साधा खटका लावला, दिव्यांचे मायनस पत्र्याला जोडणारा. तो दाबला की छताचा दिवाही लागायचा, कारण दाराची वायरही सोबत अर्थ व्हायची. त्यावर उपाय डायोड: दिव्यांचे मायनस आणि दाराची वायर यांच्या मध्ये वन एन ५४०८, चंदेरी पट्टा दाराच्या वायरकडे. काम झालं. मग लक्षात आलं, की मधला टप्पा बंद असलेला तीन टप्प्यांचा खटका आणला असता तर डायोड लागलाच नसता. मधल्या पायाला दिव्यांचे मायनस, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला दाराची वायर. वर केला की चालू, मध्ये बंद, खाली दारावर. छताच्या दिव्यात पहिल्यापासून नेमकं हेच होतं आणि मी ते दोनदा उघडून पाहिलं होतं.

दिवा हळूहळू विझत असेल तर

दार लावल्यावर छताचा दिवा सावकाश मंदावत विझत असेल, तर मध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे. तो करंट तोडून तोडून देत मंदावतो. त्यावर रिले लावला तर विझताना घुरघुरतो, आणि जास्त भार टाकला तर महागाचं युनिट जाऊ शकतं. अशा गाडीत मूळ सर्किट सोडून द्या. चौकटीत स्वतंत्र पिन बटण बसवा, स्वतंत्र फ्यूजची लाइन घ्या.

चालू करून बघताना

निगेटिव्ह केबल लावा. एकेक दार उघडा, मग दोन्ही. चावी लावून, चावी काढून. छताचा खटका तिन्ही टप्प्यांवर, नवा खटका तिन्ही टप्प्यांवर. शेवटी दारं लावून, केबिनमध्ये बसून, अंधार करून पाच मिनिटं थांबा. एलईडी अगदी पुसट लुकलुकताना दिसले तर करंट कुठेतरी झिरपतोय. पावसाळ्यात बहुधा कारण असतं दाराच्या बटणातला चिखल आणि ओल. बल्बला एवढ्याशा करंटने काही होत नाही, एलईडीला दिसण्यापुरता तो पुरतो. बटण काढून पुसा, रबरी टोपी फाटली असेल तर बदला. तरी राहिलं तर दिव्यांच्या प्लस-मायनसमध्ये १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घाला. २४ च्या गाडीत २.२ किलोओहम, १ चा तिथे तापतो.

सगळं बसल्यावर एक चिठ्ठी लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. आमच्या गाडीत आहे ती अशी: "पायाचे दिवे. फ्यूज २ अँ., डाव्या पॅनेलमागे. मायनस बॉडीला लावू नये." शेवटचं वाक्य ड्रायव्हरने लाल पेनाने अधोरेखित केलंय.